पार, लिली

पार, लिली : (२६ एप्रिल १९०५–२४ मे १९७८). इंग्लंडमधील महिला फुटबॉलच्या प्रारंभकाळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू. तिचा जन्म लँकाशर परगण्यातील सेंट हेलेन्स या औद्योगिक गावी एका कामगार कुटुंबात झाला. लहानपणी ती भावांबरोबर मोकळ्या मैदानात फुटबॉल व रग्बी खेळे. डाव्या पायाने चेंडूला जोरकस व अचूक फटका मारण्याचे तिचे कौशल्य याच काळात घडले.

इंग्लंडमध्ये महिलांचे फुटबॉल सामने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही झाले होते; परंतु त्यांना व्यापक लोकाश्रय मिळाला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. पुरुष रणांगणावर गेल्याने युद्धसामग्रीच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करू लागल्या, तर पुरुषांचे व्यावसायिक साखळी सामने १९१५ मध्ये स्थगित झाले. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ मध्ये आपला संघ उभारला. कारखान्याच्या कार्यालयातील कर्मचारी ॲल्फ्रेड फ्रँकलंड याने त्याची व्यवस्था पाहिली. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर सु. १०,००० प्रेक्षकांसमोर या संघाने मोठा सामना खेळला व जमलेला निधी जखमी सैनिकांच्या रुग्णालयास दिला. महायुद्ध संपल्यावरही या संघाची लोकप्रियता ओसरली नाही.

लिली प्रथम सेंट हेलेन्सच्या महिला संघातून खेळत असे. तिचा खेळ पाहून फ्रँकलंडने तिला १९२० मध्ये प्रेस्टनला आणले व कारखान्यात नोकरी दिली. त्या वेळी ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. उंच, धिप्पाड बांध्याची ही मुलगी लेफ्ट आउटच्या जागी खेळू लागली. पहिल्याच हंगामात तिने ४३ गोल केल्याचे सांगितले जाते. दूरवरून चेंडू नेमका साथीदाराच्या पायाशी टाकणे आणि मैदानाच्या कोपऱ्यातून वळणदार फटका मारणे, यांबद्दल तिची विशेष ख्याती होती. तिच्या फटक्याने गोलरक्षकाचा हात मोडल्याची आख्यायिकाही रूढ आहे.

१९२० मध्ये फ्रान्सचा महिला संघ इंग्लंडमध्ये आला व दोन्ही संघांत चार सामने झाले. त्याच वर्षीच्या नाताळात लिव्हरपूल येथील गुडिसन पार्क मैदानावर ‘डिक, कर’ संघाचा सामना लिलीच्या जुन्या सेंट हेलेन्स संघाशी झाला. तो ‘डिक, कर’ संघाने ४–० असा जिंकला. सु. ५३,००० प्रेक्षक मैदानात होते आणि जागेअभावी हजारो लोकांना परत जावे लागले. महिलांच्या क्लब सामन्यातील प्रेक्षकसंख्येचा हा उच्चांक २०१९ पर्यंत टिकून होता. अशा सामन्यांचे उत्पन्न माजी सैनिक, रुग्णालये इत्यादींच्या साहाय्यार्थ दिले जाई. १९२१ मध्ये टाळेबंदीमुळे बेकार झालेल्या खाणकामगारांसाठीही सामने झाले.

हा उत्कर्ष अल्पजीवी ठरला. फुटबॉल असोसिएशन या नियामक संस्थेने ५ डिसेंबर १९२१ रोजी ठराव करून, हा खेळ स्त्रियांना सर्वथैव अयोग्य असल्याचे जाहीर केले आणि संलग्न क्लबांना आपली मैदाने महिला संघांना न देण्यास सांगितले. उत्पन्नाचा फार मोठा भाग खर्चापोटी जातो व धर्मादाय कार्यास अपुरी रक्कम मिळते, असाही आक्षेप ठरावात होता. काही डॉक्टरांनीही हा खेळ स्त्रियांच्या प्रकृतीस अपायकारक ठरविला. या ठरावाने स्त्रियांचे खेळणे थेट बंद केले नाही. मात्र मोठी मैदाने व त्यांबरोबर येणारा प्रेक्षकवर्ग त्यांच्यापासून हिरावला गेला. अनेक संघ लवकरच विस्कळीत झाले.

लिलीचा संघ मात्र टिकला. १९२२ मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. कॅनडातील फुटबॉल संघटनेने विरोध केल्याने तेथे खेळणे अशक्य झाले. तेव्हा या संघाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुरुषांच्या संघांशी सामने दिले. पुढे कारखान्याचा आश्रय सुटल्यावर १९२६ पासून संघ ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने खेळू लागला. लिलीने प्रेस्टनजवळील व्हिटिंगम मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी पत्करली आणि ती सांभाळून खेळ चालू ठेवला. १९४६ मध्ये ती संघाची कर्णधार झाली व १९५१ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे तिच्या तीस वर्षांहून अधिक काळाच्या कारकीर्दीतील अगदी आरंभीचा काळ वगळता सारा खेळ या बंदीच्या छायेत झाला. तिने सु. ९८० गोल केल्याचे मानले जाते. परंतु महिलांच्या सामन्यांना अधिकृत मान्यता नसल्याने त्यांच्या नोंदी कोणत्याही नियामक संस्थेने ठेवल्या नाहीत. त्यामुळे ही संख्या वृत्तपत्रे व सहकाऱ्यांच्या आठवणी यांवरच आधारलेली आहे. तिच्या खेळाइतकाच त्याचा पुरावाही त्या ठरावाने उपेक्षित ठेवला.

प्रेस्टनचा संघ १९६५ मध्ये बंद पडला. १९६९ मध्ये महिला फुटबॉल संघटना स्थापन झाली व १९७०–७१ च्या सुमारास बंदी उठविण्यात आली. इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १९७२ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध झाला. हे परिवर्तन लिलीच्या हयातीत घडले. तथापि तिला राष्ट्रीय सन्मान मिळाला तो मृत्यूनंतर. प्रेस्टननजीक गूझनर येथे ती कर्करोगाने निधन पावली. २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मान-दालनात समाविष्ट होणारी ती पहिली महिला ठरली. २०१९ मध्ये मँचेस्टर येथील त्याच संग्रहालयात तिचा पुतळा उभारण्यात आला. ब्रिटनमधील महिला फुटबॉलपटूचा हा पहिला पुतळा होय. जुलै २०२२ मध्ये वेम्ब्ली येथे यूरोपीय महिला अजिंक्यपदाचा अंतिम सामना ८७,१९२ प्रेक्षकांनी पाहिला व त्यात इंग्लंड विजयी झाले. महिलांचा खेळ पाहण्यास इंग्लंडमध्ये प्रेक्षक मिळतात, ही गोष्ट लिली व तिच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्येच सिद्ध केली होती.