अमृतसरचे तंबू आणि कुटुंबोपचाराचा इतिहास

फाळणीनंतरच्या दशकात अमृतसरचं सरकारी मनोरुग्णालय रुग्णांनी भरून वाहत होतं. लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० साली इकडे आणले गेले होते. अनेकांची घरं सीमेपलीकडे राहिलेली, काहींच्या माणसांचा ठावठिकाणाच नाही. नवे रुग्ण येत, पण आत आलेला माणूस परत घरी जाईलच याची खात्री नसे. अशा वेळी रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना सांगितलं, की त्याला सोडून जाऊ नका, त्याच्याबरोबर इथेच राहा. आई, भाऊ, बायको तंबूत राहू लागले, रुग्णाचं खाणंपिणं पाहू लागले. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार म्हणजे काय, औषध कशासाठी, घरी गेल्यावर काय करायचं हे समजावून सांगत. विद्यासागर यांनी याबद्दल लिहिलं फार थोडं. त्यामुळे मानसोपचाराच्या जागतिक इतिहासात त्यांचं नाव सहसा सापडत नाही. खरं तर समूहोपचार आणि कुटुंबोपचार या दोन्हींच्या इतिहासात या तंबूंना मानाचं स्थान द्यायला हवं. कारण कुटुंबाबद्दलच्या ज्या गृहीतकापाशी पाश्चात्त्य मानसशास्त्र बरीच वळणं घेऊन पोचलं, तिथूनच अमृतसरची सुरुवात झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा, की तंबू ही निव्वळ अडचणीतून काढलेली वाट होती. परिचारिका नव्हत्या म्हणून नातेवाईक राबवले, याला उपचारपद्धती कसं म्हणायचं? पण अडचणीतून निघालेल्या वाटा बाद करायच्या ठरवल्या, तर समूहोपचाराचा सगळा इतिहासच बाद करावा लागेल. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला, तो सॅनेटोरियमचा खर्च न परवडणाऱ्या गरीब रुग्णांसाठी. विश्रांती, आहार आणि मोकळी हवा यांचे नियम शिकवणं एवढाच त्यांचा हेतू होता. एकाच दुखण्याने गाठलेली माणसं एकत्र बसली की एकमेकांना धीर देतात, हे त्यांना त्या वर्गात उमगलं. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक शेकड्यांनी होते आणि मनोविकारतज्ज्ञ मोजके. बियॉन, रिकमन आणि त्यांच्यानंतर फुक्स या मनोविकारतज्ज्ञांनी तिथे गटांत काम केलं. ब्रिटनमधल्या समूहोपचाराची पुढची परंपरा मुख्यतः त्यातूनच वाढली. गरजेपोटी केलेल्या गोष्टीतून काय शिकायला मिळालं, हेच अशा वेळी पाहायचं असतं.

अमृतसरमध्ये जे शिकायला मिळालं त्याचं मोल कळण्यासाठी त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं ते पाहावं लागतं. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ साली स्किझोफ्रेनियाची मुळं आईच्या वागण्यात शोधणारी मांडणी केली. १९५६ साली ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीतून हा आजार उद्भवतो असा सिद्धान्त मांडला. मरे बोवेन यांनी तर १९५४ पासून वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आधी रुग्णांच्या आयांना आणि मग अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं. वरवर पाहता हेही अमृतसरसारखंच. फरक होता तो कुटुंबाकडे पाहण्याच्या नजरेत. बेथेस्डाच्या वॉर्डात कुटुंब आलं ते आजाराचं मूळ शोधण्यासाठी. अमृतसरच्या तंबूत आलं ते रुग्णाला सांभाळायला आणि सांभाळायचं कसं ते शिकायला. या अमेरिकी मंडळींनी माणसाकडे त्याच्या नात्यांसकट पाहायला शिकवलं, हे त्यांचं देणं मोठंच. पण आईबापांवर ठपका ठेवणारा त्यांचा निष्कर्ष पुराव्यापुढे टिकला नाही, आणि तोपर्यंत असंख्य आयांनी तो बोल सोसला.

ही नजर बदलली ती लंडनमधल्या संशोधनाने. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून घरी परतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. सतत टीका, तुसडेपणा किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, असं पुढे दिसून आलं. म्हणजे घरामुळे आजार होतो असं नाही, पण पुढे तो कोणतं वळण घेईल हे घरावर बरंच अवलंबून असतं. १९८२ साली ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी अशा २४ कुटुंबांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांना औषधं चालू होती. निम्म्या कुटुंबांना त्याखेरीज आजाराची माहिती, नातेवाइकांचा गट आणि घरच्या भेटी मिळाल्या. नऊ महिन्यांत नुसत्या नेहमीच्या उपचारांवरचे निम्मे रुग्ण पुन्हा आजारी पडले, दुसऱ्या गटातला एकच. माहिती देणं, नातेवाइकांना एकत्र बसवणं, त्यांना जोडीदार मानणं ही या प्रयोगाची सूत्रं अमृतसरच्या आवारात पंचवीसेक वर्षं आधी वापरात होती. तिथे मोजमाप झालं नव्हतं, ही उणीव मात्र मान्य करायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याकडचं एकत्र कुटुंब हाच उपचार असं म्हणत आपण स्वतःची पाठ थोपटून घेत नाही ना? कुटुंबातच मारहाण असते, सुनेला ‘वेडी’ ठरवून माहेरी धाडलं जातं, आणि सेवेचं ओझं बहुतेक वेळा बायकांवरच पडतं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपला प्रतिनिधी कोण असावा हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला दिला, तो योग्यच झाला. पण अमृतसरचा धडा ‘कुटुंब असलं की पुरे’ असा नव्हताच. नुसतं कुटुंब पुरेसं असतं, तर ती माणसं रुग्णालयात आलीच नसती. कुटुंबाला शिकवावं लागतं आणि त्याच्या शिणाचीही दखल घ्यावी लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली मानसिक आरोग्य केंद्र काढलं, तेव्हा नातेवाइकाने रुग्णासोबत राहणं हा तिथल्या उपचाराचाच भाग केला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसांच्या गटांइतकंच त्यांच्या बायकांच्या गटालाही महत्त्व दिलं.

आजही आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ लोकसंख्येच्या मानाने थोडे आहेत, आणि गंभीर मानसिक आजार झालेली बहुसंख्य माणसं घरीच असतात. त्यांची काळजी घेणाऱ्यांना शिकवणं आणि एकमेकांना भेटवणं हा काही चैनीचा भाग नव्हे. औषधाच्या चिठ्ठीइतकीच ती उपचाराची गरज आहे. नातेवाइकांचा गट चालवण्यासाठी एक खोली, एक प्रशिक्षित माणूस आणि आठवड्यातला तासभर लागतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने निदान एवढी सोय करायलाच हवी.