सांधेमोडीची कुळकथा

खालच्या थरात दोन दगडांचा सांधा जिथे येतो, तिथे वरच्या थरातल्या दगडाचं पोट बसवायचं, ही गवंड्याची सांधेमोड. सांध्यावर सांधा आला की भिंत उभी चिरते. साताऱ्याजवळच्या लिंब गावात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बारा मोटेची विहीर बांधून घेतली. तिचा काळा घडीव दगड आजही जागचा हललेला नाही. सांगलीचं कृष्णाकाठचं गणपती मंदिरही अशाच काळ्या पाषाणाचं. अशा वास्तूंची त्रिमितीय मॉडेल्स संगणकावर घडवताना हीच सांधेमोड पुन्हा भेटते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मॉडेलचा सांगाडा नुसता सपाट पृष्ठांचा असतो. त्यावर दगडाचा पोत चढवायचा म्हणजे फोटो चिकटवायचा. एडविन कॅटमल यांनी 1974 मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात ही युक्ती मांडली. पण अख्ख्या भिंतीचा फोटो चढवला तर संगणकाची मेमरी पुरत नाही. 2048 × 2048 ठिपक्यांचा एक रंगीत तुकडासुद्धा दाबून लहान केला नाही तर 12 एमबी खातो. 1993 च्या ‘डूम’ या खेळातली जमीन तर 64 × 64 ठिपक्यांच्या चौकोनांवर भागवलेली होती. म्हणून एकच तुकडा घ्यायचा आणि फरशीला फरशी लावावी तसा जोडत न्यायचा.

अडतं ते कडांवर. डाव्या कडेचा दगड उजव्या कडेच्या दगडाला जुळत नाही आणि दर तुकड्यागणिक एक रेघ उमटते. यावरचा तोडगा कापडाची आणि भिंतीच्या कागदाची नक्षी काढणाऱ्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी शोधला होता. चित्र उभं-आडवं मधोमध कापायचं आणि तुकड्यांची अदलाबदल करायची: डावा उजवीकडे, वरचा खाली. आता बाहेरच्या कडा आपोआप जुळतात, कारण मुळात त्या शेजारीच होत्या. न जुळणारा भाग अधिकच्या चिन्हासारखा मध्यावर येतो, आणि तिथे हात चालवायला जागा असते. फोटोशॉपमधला ‘ऑफसेट’ हेच करतो. गवंडी अर्ध्या दगडाने सरकतो तो मजबुतीसाठी, नक्षीकार अर्ध्या चित्राने सरकतो तो नजरेसाठी. माझ्या लेखी दोघं एकाच कुळातले.

मधली फट बुजवायला शेजारच्या दगडाचा खडबडीतपणा उचलून तिथे उमटवत जायचं. इथे घाई केली की चोरी उघडी पडते. एखाद्या दगडावर दगडफुलाचा पांढरट ठिपका राहून गेला, तर तोच ठिपका साऱ्या भिंतीवर रांगेने दिसतो. उन्हातल्या फोटोत एक बाजू उजळ, दुसरी काळवंडलेली, म्हणजे पुन्हा पट्टे. साताऱ्याचं पावसाळी आभाळ या कामाला उत्तम: सावली पडत नाही, फक्त दगड कोरडा मिळायला हवा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. थर एकाआड एक अर्ध्या दगडाने सरकलेले असतील तर तुकड्यात ते सम संख्येनेच घ्यावेत. पाच थर घेतले की पाचव्यावर पुन्हा पहिला बसतो, सांध्यावर सांधा येतो, आणि जाणत्या गवंड्याला ती भिंत खोटी वाटते.

2001 मध्ये अलेक्सेई एफ्रॉस आणि विल्यम फ्रीमन यांनी हा जोड संगणकाकडे सोपवला. दोन तुकडे थोडे एकमेकांवर चढवायचे आणि जिथे फरक सर्वांत कमी, तिथून वाकडीतिकडी कापणी करायची. सरळ रेघ डोळ्याला सापडते; दगडाच्या कडेकडेने गेलेली सापडत नाही.

विहिरीसारख्या गोल बांधकामात मात्र आधी हिशेब करावा. 50 फूट व्यासाच्या विहिरीचा घेर सुमारे 157 फूट. दहा फुटी तुकडा लावत गेलात तर पंधरा बसतात आणि सोळावा सात फुटांवर कापला जातो. त्यापेक्षा तुकड्याची रुंदी 9 फूट 10 इंचांच्या आसपास धरावी, म्हणजे सोळा पुरे बसतात.