‘स्टार ट्रेक’ : मालिकेकडून चित्रपटाकडे आणि पर्सिस खंबाटा यांची भूमिका

प्रास्ताविक

दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही दोन्ही दृक्-श्राव्य माध्यमे असली तरी त्यांचे काळाशी असलेले नाते भिन्न आहे. मालिकेतील पात्र दर आठवड्याला प्रेक्षकांच्या घरी येते व हळूहळू उलगडत जाते. चित्रपटाला मात्र आपले कथन दोन-अडीच तासांत पूर्ण करावे लागते. त्यामुळे मालिकेचा चित्रपट होताना केवळ पडद्याचा आकार बदलत नाही, तर पात्रांचे भवितव्यही बदलते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेवरून १९७९ मध्ये निघालेला चित्रपट हे त्याचे बोलके उदाहरण होय. मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी त्यात महत्त्वाची भूमिका केली होती. प्रस्तुत लेखात या भूमिकेच्या आधारे सदर रूपांतराचा विचार केला आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत ‘एनबीसी’ वाहिनीवर सुरू झाली. तीन हंगामांत ७९ भाग प्रसारित झाल्यानंतर १९६९ मध्ये ती बंद पडली. मात्र पुढील काळात स्थानिक केंद्रांवरून झालेल्या पुनःप्रसारणामुळे तिला मूळ प्रसारणापेक्षाही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. भारतीय प्रेक्षकांना १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून या मालिकेचा परिचय झाला.

१९७७ मध्ये पॅरामाउंट या चित्रसंस्थेने स्वतःची वाहिनी सुरू करण्याचे ठरविले आणि त्या वाहिनीसाठी ‘स्टार ट्रेक : फेज टू’ ही नवी मालिका योजली. स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय तीत नसल्याने झॉन हे नवे पात्र निर्माण करण्यात आले. त्याच्या जोडीला विल डेकर हा अधिकारी आणि आयलिया ही परग्रहावरील मार्गदर्शिका अशी आणखी दोन कायमस्वरूपी पात्रे योजली गेली. ‘एंटरप्राइज’ यानाचे नेपथ्यही उभारले जाऊ लागले. आयलियाच्या भूमिकेसाठी पर्सिस खंबाटा यांची निवड झाली.

वाहिनीची योजना बारगळली. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटांनी मोठे यश मिळविले. परिणामी, मालिकेच्या पहिल्या भागासाठी तयार झालेल्या कथेचाच चित्रपट करण्याचा निर्णय झाला. मार्च १९७८ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली व दिग्दर्शनाची जबाबदारी रॉबर्ट वाइज यांच्याकडे आली. निमॉय परतल्यामुळे झॉनची गरज उरली नाही. माध्यमांतराचा पहिला फटका या पात्राला बसला.

आयलियाचे रूपांतर

पर्सिस खंबाटा यांचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. १९६५ मध्ये त्या ‘मिस इंडिया’ ठरल्या. के. ए. अब्बास यांच्या ‘बम्बई रात की बाहों में’ या चित्रपटात त्यांनी काम केले होते. आयलियासाठी त्यांनी डोक्यावरील सर्व केस उतरविले. सौंदर्यस्पर्धेतून पुढे आलेल्या अभिनेत्रीच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता.

मालिकेच्या योजनेत आयलिया हे दीर्घकाळ चालणारे पात्र होते. तिची संस्कृती, डेकरशी असलेले तिचे जुने प्रेमसंबंध आणि सहकाऱ्यांशी जुळत जाणारे नाते या सर्वांना अनेक भागांचा अवकाश मिळणार होता. चित्रपटात मात्र अंतराळातील अज्ञात शक्ती ‘व्हीजर’ तिला नष्ट करते आणि तिच्याच रूपातील यंत्र यानावर पाठविते. पर्सिस यांना उर्वरित चित्रपटात या यंत्राचीच भूमिका करावी लागते. अखेरीस डेकर ‘व्हीजर’शी एकरूप होतो आणि दोन्ही पात्रांची कथा तेथेच संपते. मालिकेच्या पहिल्याच भागात कायमस्वरूपी पात्रांचा असा शेवट करणे परवडणारे नसते. चित्रपटाला मात्र परिणामकारक शेवट हवा असतो. मालिकेने जी पात्रे साठवून ठेवली असती, ती चित्रपटाने एकाच कथेत खर्च केली.

रूपांतराचे फलित

७ डिसेंबर १९७९ रोजी ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ प्रदर्शित झाला. विशेष दृश्यांचे काम अखेरपर्यंत लांबल्याने वाइज यांना प्रेक्षकांसमोर चाचणी-खेळ करून संकलनात सुधारणा करण्याइतका वेळ मिळाला नाही. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १३.९ कोटी डॉलरची कमाई केली. तथापि, संथ गतीबद्दल त्यावर टीका झाली. भव्य दृश्यांना अधिक वेळ दिला गेला व पात्रांमधील संवाद, जे मालिकेचे खरे बळ होते, ते मागे पडले. ही उणीव पॅरामाउंटच्याही ध्यानात आली असावी. १९८२ चा दुसरा चित्रपट दूरचित्रवाणी क्षेत्रातील निर्माते हार्व्ह बेनेट यांच्याकडे सोपविण्यात आला. बराच कमी खर्च करून आणि १९६७ मधील एका भागातील खलनायक पुन्हा आणून त्यांनी तो यशस्वी केला.

पर्सिस यांना या भूमिकेमुळे जागतिक ओळख मिळाली. १९८० च्या ऑस्कर समारंभात त्या पुरस्कार प्रदान करण्यासाठी मंचावर होत्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय मानल्या जातात. मात्र मालिकेने दिले असते तसे सलग काम त्यांना लाभले नाही. १८ ऑगस्ट १९९८ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

समारोप

मोठा पडदा म्हणजे मोठी संधी, असे सामान्यतः मानले जाते. आयलियाच्या उदाहरणावरून हे विधान अर्धेच खरे ठरते. चित्रपटाने या भूमिकेला जगभर नेले, पण तिचे आयुष्य एका कथेपुरते केले. आपल्याकडील लोकप्रिय मालिकांचे चित्रपट करताना तंत्र व खर्च यांचा विचार प्रथम होतो. मालिकेतील पात्रांना प्रेक्षकांच्या मनात रुजण्यासाठी मिळालेला वेळ चित्रपटात कशाने भरून काढावयाचा, हा प्रश्न त्याआधी विचारला जाणे आवश्यक आहे.