भूलचूक देणे-घेणे

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला असतो. २०१७ मध्ये त्याच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भाचा काटेकोर माणूस. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीतलं निवडलं, सर्जनही यादीतलाच. सगळं सुखरूप पार पडलं आणि दीड महिन्यानं घरी एक वेगळंच बिल आलं, भूल देणाऱ्या डॉक्टरचं. तो यादीत नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी पाच मिनिटं दिसलेला माणूस, त्याला निवडलं कुणी होतं? फोनवर भाचा म्हणाला, ‘‘मामू, भूल तिला दिली आणि शुद्ध माझी हरपली.’’

आपल्या दुकानांतल्या पावत्यांखाली ‘भूलचूक देणे-घेणे’ छापलेलं असायचं, ते मला आठवलं. पण ही चूक नव्हती, रीत होती. आणि तिचं एक मूळ थेट डॅलसमध्येच सापडतं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन रुग्णाला वेदनेतून सोडवलं. पुढं कित्येक दशकं अमेरिकेत भूल देण्याचं काम बऱ्याच ठिकाणी परिचारिका करत. त्यांना पगार रुग्णालयाचा असला, की भुलीचा खर्च रुग्णालयाच्या बिलात मिसळून जाई.

१९२९ मध्ये डॅलसचं बेलर रुग्णालय थकलेल्या बिलांनी बेजार होतं. तिथले प्रशासक जस्टिन किंबॉल पूर्वी शहरातल्या शाळांचे अधीक्षक होते, शिक्षकांची ओढाताण त्यांना ठाऊक होती. त्यांनी योजना काढली: महिन्याला ५० सेंट भरा आणि गरज पडल्यास २१ दिवस रुग्णालयात राहा. यातूनच पुढं ‘ब्लू क्रॉस’ उभा राहिला. मात्र या पैशात खाट होती, डॉक्टरची फी नव्हती. डॉक्टरांच्या फीसाठी नंतर ‘ब्लू शील्ड’ आलं. एका आजाराचे असे दोन खिसे झाले.

भूलतज्ज्ञ कुठल्या खिशातला? तोवर भूल ही डॉक्टरांची स्वतंत्र विद्याशाखा होऊ लागली होती. आम्ही रुग्णालयाचे नोकर नाही, आमची फी आमची, असं ते म्हणत. यात निव्वळ पैशाचा लोभ होता असं मला वाटत नाही. पगार देणारा उद्या औषधोपचारातही हुकूम चालवील, ही धास्ती खरीच होती. १९६५ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आलं, तेव्हा सिनेटर पॉल डग्लस यांनी भूलतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांना रुग्णालयाच्या खर्चात धरण्याची दुरुस्ती मांडली. सिनेटनं ती मान्यही केली. पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती गळाली. भूलतज्ज्ञ वेगळाच राहिला.

आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम आलं. बॅग घेऊन या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये धावणारे भूलतज्ज्ञ आपणही पाहतो. पण त्यांची फी बहुधा रुग्णालयाच्याच बिलात येते.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या याद्या आल्या आणि ही जुनी फट रुंदावली. रुग्णालयाचा करार वेगळा, सर्जनचा वेगळा, भूलतज्ज्ञांच्या गटाचा आणखी वेगळा. शिवाय त्याचं बिल घड्याळावर चालतं: ऑपरेशनच्या प्रकाराचे ठरावीक युनिट, वर साधारण दर पंधरा मिनिटांना एक. झोपलेल्या माणसानं मोजायचं कसं?

अखेर २०२० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. रुग्णालय यादीतलं असेल, तर यादीबाहेरच्या भूलतज्ज्ञालाही विमा असलेल्या रुग्णाकडून यादीतल्याइतकाच वाटा घेता येतो. उरलेल्या रकमेचं भांडण त्यानं विमा कंपनीशी करावं. अशा वेळी रुग्णाची सही घेऊन हे संरक्षण काढून घेण्याचीही मुभा नाही. मात्र डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तर हा कायदा सहसा लागत नाही.

२०२३ मध्ये भाच्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेही यादीतल्याच रुग्णालयात. कायदा पाठ असूनही त्यानं आधी विचारलं, तुमच्याकडे भूल कुठला गट देतो? मग त्या गटाला फोन लावला, आमचा विमा घेता का? होकार आला. नेमके कोण डॉक्टर असतील, हे मात्र आदल्या रात्री कळेल म्हणाले.