वारा, नेम आणि भरती

मित्रांनो, ‘लढवय्या जात’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. अमक्याच्या रक्तातच बंदूक आहे, तमक्याच्या हातात ती शोभत नाही. या एका शब्दानं आपल्या आजा-पणजांची भाकरी गेली. त्याला उत्तर म्हणून आपण कोरेगावचा स्तंभ दाखवतो आणि तो दाखवायलाच हवा. पण आज मला दुसरं उत्तर द्यायचंय. नेम रक्तातून येतो की सरावातून, याचा निकाल एका उघड्या माळावर, आकडे मोजून लागलेला आहे. तो माळ आपल्या देशातला नाही. अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा आहे. नाव क्रीडमूर, साल १८७४.

तिथं जाण्याआधी वाऱ्याचं थोडं समजून घेऊ. शंभर पावलांवर बंदूक मारणं वेगळं आणि हजार यार्डांवर मारणं वेगळं. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या लांबून माणूस मुंगीएवढा दिसतो. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलाव्यात इतका वारा, म्हणजे ताशी १० मैलांचा, बाजूनं आडवा येत असेल तर सैन्यातल्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची गोळी ५०० यार्डांवर साधारण दीड फूट सरकते. हजार यार्डांवर तीच गोळी सात-आठ फूट सरकते. म्हंजे अंतर दुप्पट झालं, तर चूक चौपटीच्याही वर गेली. कारण गोळी वाटेत मंदावत जाते आणि जितकी मंदावते तितकी वाऱ्याच्या जास्त तावडीत सापडते.

वारा काटकोनात आला तर पुरा धरायचा. नाकासमोरून किंवा पाठीमागून आला तर बाजूचा हिशोब जवळजवळ शून्य. तिरका आला तर अर्धा किंवा पाऊण. शिवाय बंदुकीजवळ एक वारा, मध्ये दुसरा, निशाणाजवळ तिसरा. तो ओळखायचा कशावरून? मैदानावरच्या निशाणांवरून, गवतावरून, धुरावरून. आणि उन्हात जमिनीवर हवा थरथरते, तिच्यावरून. दुर्बिणीतून बघितलं तर ही थरथर आडवी वाहताना दिसते, ती वाऱ्याची दिशा. सरळ वर उकळल्यासारखी दिसली तर आडवा वारा नाही. मग एक गोळी मारायची, कुठं लागली ते वहीत लिहायचं, वारा पुन्हा तसाच होईपर्यंत थांबायचं आणि मग दुसरी मारायची. नेमबाजी म्हणजे ही वही. हे रक्तात कुठं असतं, ते मला कुणी दाखवावं.

आता क्रीडमूर. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. त्या लढाईत आपल्या शिपायांना धड नेम धरता येत नव्हता, हे अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून १८७१ साली तिथं नॅशनल रायफल असोसिएशन निघाली आणि १८७३ साली क्रीडमूरची चांदमारी सुरू झाली. ते लोक असं म्हणाले नाहीत की आमची जातच नेमबाज नाही. ते म्हणाले, मैदान पाहिजे, काडतुसं पाहिजेत, शिकवणारे पाहिजेत. (याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. ही तारीख ध्यानात ठेवा.)

त्याच वर्षी आयर्लंडच्या संघानं इंग्लंड आणि स्कॉटलंडला हरवून एल्चो शील्ड जिंकली होती. मेजर लीच यांनी अमेरिकेला आव्हान दिलं. हे आयरिश नेमबाज बहुतेक खात्यापित्या घरचे होते. १८५९ पासून इंग्लंडमध्ये साध्या नागरिकांच्या व्हॉलंटिअर पलटणी उभ्या राहिल्या, पण आयर्लंडमध्ये सरकारनं त्या उभ्या राहू दिल्या नाहीत. गुलाम देशातल्या गरिबाच्या हातात रायफल नको! आपल्याकडं १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, तो याच चालीचा.

अमेरिकनांना हजार यार्डांचा अनुभव जवळजवळ नव्हता. त्या कामाची रायफलसुद्धा नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांनी काही महिन्यांत ती बनवून दिली. मागच्या बाजूला बारीक भोकाची पट्टी, स्क्रूनं वरखाली सरकणारी. पुढची माशी वाऱ्यासाठी डावीउजवीकडे सरकणारी. बंदूक तिरपी होऊ नये म्हणून गवंड्याच्या पाणसळीसारखी इवलीशी नळी. संघातला हेपबर्न हा रेमिंग्टनच्या कारखान्यातलाच कारागीर. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसाला अंशाच्या अंशाची किंमत कळते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२६ सप्टेंबर १८७४. दोन्ही बाजूंना सहा-सहा माणसं. ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या १५ गोळ्या. मधल्या तीन फुटी चौकोनात लागली तर ४ गुण, त्याच्याबाहेर ३, कडेला २. एका संघाला जास्तीत जास्त गुण १०८०. काळ्या दारूची, जड शिशाची ती गोळी हजार यार्ड जायला तीनेक सेकंद घ्यायची. तीन सेकंद वारा तिला ढकलणार. आयरिश लोकांकडं ठासणीच्या बंदुका, अमेरिकनांच्या मागून भरायच्या.

८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० वर अमेरिका ३१०, आयर्लंड ३१२. १००० वर आयर्लंडनं ३०२ केले. मध्येच मिलनर नावाच्या आयरिश नेमबाजाची गोळी बरोबर मध्यावर लागली, पण शेजारच्या निशाणाच्या! गुण शून्य. आयर्लंडची बेरीज झाली ९३१. अमेरिका ९३० वर आणि गोळी एकच उरलेली. ती कर्नल बोडाइनची. तेवढ्यात त्याच्या हातात जिंजरबिअरची बाटली फुटली आणि हात रक्तानं भरला. त्यानं हाताला रुमाल गुंडाळला, जमिनीवर आडवा झाला आणि घोडा दाबला. गोळी मध्यावर. चार गुण. ९३४ विरुद्ध ९३१.

पुढच्या वर्षी, १८७५ साली, डब्लिनजवळ डॉलीमाउंटला परतीचा सामना झाला. तिथंही अमेरिकाच जिंकली, ९६७ विरुद्ध ९२९. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडं मैदान नव्हतं, त्यांनी नावाजलेल्या नेमबाजांना त्यांच्याच समुद्रकाठच्या वाऱ्यात हरवलं. कुठून आलं? सरावातून आलं.

पण टाळ्या वाजवून थांबू नका. क्रीडमूरच्या त्या सहा जणांत एकही काळा माणूस नव्हता. आणि नॅशनल गार्डला जी बंदूक शिकवली, तिचं तोंड कुणाकडं वळलं तेही बघा. १८७७ च्या रेल्वे संपात पिट्सबर्गला पेन्सिल्व्हेनियाच्या नॅशनल गार्डनं गर्दीवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. नेम शिकवतात, तसं नेम कुणावर धरायचा हेही शिकवतात.

काळ्या माणसाला मैदान मिळालं तेव्हा काय झालं? दहाव्या कॅव्हलरीत, काळ्या शिपायांच्या घोडदळात, होरेस बिव्हिन्स नावाचा सार्जंट होता. १८९० नंतरच्या त्या दशकात त्यानं सैन्याच्या नेमबाजी स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवली. वाऱ्यानं त्याच्या गोळीला काही वेगळं ढकललं नाही.

आणि नेमक्या त्याच दशकात आपल्याकडं काय चाललं होतं? १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती. हा माणूस नेमबाजीच्या सरावाचा मोठा पुरस्कर्ता. मद्रासला असताना त्यानं चांदमारीवर जोर दिला. पुढं बोअर युद्धानंतर इंग्लंडमधल्या साध्यासुध्या माणसांनी रायफल शिकावी म्हणून क्लबांच्या चळवळीला पाठबळ दिलं. म्हणजे नेम शिकवता येतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी हिंदी फौजेत त्यानं ‘लढवय्या जातीं’चं धोरण रेटलं आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोऱ्या माणसासाठी सराव, आणि आमच्यासाठी रक्त! याला काय म्हणायचं?

बाबासाहेब १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले, सुभेदार रामजींच्या घरी. एक-दोन वर्षांतच त्या घराला भाकरी देणारा दरवाजा बंद झाला. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. १९१७ साली, महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ साली गरज सरली, मोडून टाकली. अवघ्या चार वर्षांत महार लढवय्या झाला आणि पुन्हा बिनलढवय्या झाला!

हे आपल्याला गिरणीतही ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. तो उष्टा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. साच्याला हात लावू द्यायचा नाही आणि वर म्हणायचं, यांना विणता येत नाही. चांदमारीवर पाऊल ठेवू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, यांचा नेम नाही. डाव एकच आहे.

१९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. व्हिकर्स मशीनगन दोन हजार यार्डांच्या पलीकडं मारा करते. अंतराचा आणि वाऱ्याचा हिशोब तक्त्यातून काढावा लागतो. ज्यांना बंदूक शोभत नाही म्हणाले, त्यांच्याकडं हिशोबाचं हत्यार आलं. दोन आडव्या व्हिकर्स त्यांच्या बिल्ल्यावर आहेत. आणि आज त्याच महूत भारतीय सैन्याची नेमबाजी शिकवणारी संस्था आहे. शिकवणारी, बरं का. रक्त तपासणारी नाही.

मित्रांनो, मी हे बंदुकीचं कौतुक म्हणून लिहिलं नाही. उद्या परीक्षेत, कचेरीत, कारखान्यात तुम्हाला कुणी म्हणेल, ‘तुमच्या लोकांना हे जमत नाही.’ तेव्हा चिडून निघून येऊ नका. तिथंच उभं राहून विचारा, मैदान किती वर्षं कुणाच्या ताब्यात होतं? काडतुसं कुणाला किती दिली? आणि आमच्या गोळीवर वारा कुठल्या बाजूनं, किती जोरानं येत होता, ते मोजलं का? ते मोजत नाहीत. म्हणून आपल्याला मोजावं लागेल. वही घ्या. वारा लिहून ठेवा.

जय भीम.