सोलापूरच्या कापडाची उरलेली गोष्ट : घरची शिवण

सोलापूर म्हटले की चादर आठवते, पहाटेचे भोंगे आठवतात, गिरण्यांच्या चिमण्या आठवतात. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, हे या शहराच्या आधुनिक इतिहासाचे पहिले पान मानले जाते. तिच्याविषयीचे कागद विपुल आहेत. चात्या किती, माग किती, कामगार किती, संप केव्हा, सारे नोंदलेले आहे. परंतु मागावरून उतरणारे कापड सपाट असते. त्याला अंगाचा आकार देणारी सुई कोणाच्या हातात होती, हे शोधू लागले की कागद अबोल होतात. हा धागा त्या सुईविषयी आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या मराठी पेहरावात शिवण फारच थोडी होती. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही सारी मागावरून थेट अंगावर येणारी वस्त्रे. शिवायचे ते एवढेच : बाईची चोळी, पुरुषाची बंडी, बाराबंदी किंवा अंगरखा, आणि मुलांची झबली, टोपडी, कुंच्या. यांतील पुरुषी कपडे बहुधा शिंप्याकडे जात. शिंपी हा गावगाड्यातला जुना, मानाचा कारागीर. याच जिल्ह्यातल्या पंढरपूरशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले ते संत नामदेव (१२७०–१३५०) शिंपी कुळातले, आणि सुई, धागा, कातर, गज यांची रूपके त्यांच्या परंपरेत भक्तीची भाषा होऊन बसली. चोळी मात्र पुष्कळ घरांत घरीच शिवली जाई. परक्या पुरुषाला माप देण्याचा संकोच हे एक कारण. दुसरे साधे होते : शिलाईचे पैसे वाचत.

चोळीचे कापड म्हणजे खण. सोलापूरच्या दक्षिणेस, आजच्या कर्नाटकातील गुळेदगुड्ड हे खणांचे प्रसिद्ध ठिकाण. खुद्द सोलापूरच्या हातमागांवरही लुगडी आणि चोळखण विणले जात. खणाला दोन्ही बाजूंना काठ असतो आणि तो विकताना त्रिकोणी घडी घालून ठेवतात. आता ओटीचा विधी आठवावा. सवाष्णीची ओटी खणानारळाने भरतात, म्हणजे तिला न शिवलेले कापड दिले जाते. हा आहेर एक गोष्ट गृहीत धरतो : घेणारीच्या घरी सुई आहे आणि ती चालवणारा हातही आहे. आज तोच खण ‘ब्लाउजपीस’ या नावाने एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात असा वर्षानुवर्षे अखंड प्रवास करतो आणि शिवला कधीच जात नाही. विधी तसाच राहिला आहे, त्याच्या तळाशी असलेले कौशल्य तेवढे निघून गेले आहे.

त्या कौशल्याचा गाभा टाके घालण्यात नव्हता, तो बेतण्यात होता. मराठीत ‘बेत’ म्हणजे योजना, आणि कापड कापण्यापूर्वीची आखणीही. खण लहान. त्यात पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या आणि काखेत लागणारे छोटे तुकडे हे सारे बसवायचे. बाह्यांची टोके काठावर यावीत असे बेतले की तिथे दुमडण्याची गरज उरत नाही. काठ मुळातच उसवत नाही आणि नक्षीही आयती मिळते. चोळी पुढे गाठ मारून बांधायची, म्हणून गुंडी नको, काजही नको. कापडाचा तंग बाजूने येणारा ताण आणि आडवा ताण यांत फरक असतो. बाही चुकीच्या दिशेने कापली तर ती दंडात आवळते किंवा धुतल्यावर तिरकी होते. आणि कातर एकदा चालली की माघार नाही. हातात एकच खण असलेल्या बाईने पहिली चोळी बेतताना श्वास रोखून धरला असेल, असे म्हणण्यास कोणत्याही दस्तऐवजाची आवश्यकता नाही. ज्यांनी आज घरच्या यंत्रावर पहिला कुडता कापला आहे, त्यांनाही तो श्वास ओळखीचा वाटेल.

जिथे कागद मुके असतात, तिथे शब्दांकडे पाहावे. लुगडे आधी मधोमध विरते, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथेच पडतो. तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धडके तुकडे एकमेकांना जोडायचे. या शिवणीला ‘दंड’ म्हणतात. दंड घातलेले लुगडे ही गरिबीची खूण होती. नेसताना ती शिवण निऱ्यांत लपवण्याची कलाही तिच्यासोबतच आली. भोकाला कापड लावले तर ते ‘ठिगळ’. तेही झेपेनासे झाले की लुगड्यावर लुगडे घालून, धावदोऱ्याने शिवून त्याची वाकळ व्हायची. कापडाचे मरण असे टप्प्याटप्प्याने पुढे ढकलले जाई आणि प्रत्येक टप्प्याला मराठीने स्वतंत्र शब्द ठेवला. सर्वांत सुंदर शब्द मात्र शिवणीच्या आतल्या बाजूस आहे. शिवताना पुढे सैल करता यावे म्हणून आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, त्याला ‘माया’ म्हणतात. मुलीच्या परकराला, मुलाच्या सदऱ्याला माया ठेवायची. अंग वाढले की उसवायचे आणि थोडी सोडायची.

पिशव्यांचा इतिहास तर याहून दुर्लक्षित. चोळी बेतून जे तुकडे उरत, त्यांतून चंची होई : पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली, गुंडाळून कमरेला खोवायची लांबट पिशवी. बटवा नाडीने आवळायचा. पडशी खांद्यावर टाकायची, पुढे एक कप्पा आणि मागे एक. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याचे दोन्ही हात टाळांसाठी मोकळे राहायला हवेत, या गरजेला तिने फार जुने आणि नेटके उत्तर दिले होते. पिशवी शिवणे सोपे, असा समज आहे. तो चंची शिवेपर्यंत टिकतो. कप्पे आधी लावायचे, मग अस्तर, मग बाहेरच्या कडा, आणि हे सगळे उलट्या बाजूने. शेवटी सुलट केल्यावर एखादा कप्पा आतल्या आत शिवला गेलेला निघतो. मग उसवा. कोणतेही माप न घेता, केवळ तुकड्यांच्या आकारावरून हा क्रम मनात मांडणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नसे, आणि म्हणून इतिहासाने त्यांना ‘अकुशल’ या रकान्यात टाकले. हा रकाना तपासून पाहण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे.

मग यंत्र आले. अमेरिकेत आयझॅक सिंगरला शिलाई यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याच्या कंपनीने हिंदुस्थानात बस्तान बसवले. न शिवलेली वस्त्रे नेसणाऱ्या देशात हे यंत्र कोण घेणार, ही शंका तेव्हा होतीच. पहिले गिऱ्हाईक ठरले ते शिंपी. हप्त्याने पैसे फेडण्याची सोय झाली आणि बाजारपेठेतल्या दुकानांच्या ओट्यांवर पायाची यंत्रे दिसू लागली. घरात यंत्र शिरले ते मध्यमवर्गातून. त्याच सुमारास चोळीची जागा गळ्या-बाह्यांच्या नव्या तऱ्हांचे ‘पोलके’ घेऊ लागले. पोलक्याला गुंड्या हव्यात, काजे हवीत, वळणदार कापणी हवी. ते एका खणात, खणाच्या काठांच्या आधाराने बसत नाही. यंत्राने टीप सोपी केली खरी, पण फॅशनने बेतणे अवघड करून ठेवले. एक विसंगतीही नोंदवण्याजोगी आहे : सोलापुरात लाखो वार सूत निघत असताना शिवणाचे पक्के रीळ स्कॉटलंडमधील पेसलीच्या कारखान्यांचे आणि सुई बहुधा इंग्लंडमधील रेडिचची असे.

यंत्रांचे कडवे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीचे कष्ट पाहून पतीने ते शोधले, अशी जी कथा प्रचलित होती, तिचा त्यांच्यावर प्रभाव होता. कथा गोड आहे. सिंगरच्या चरित्राशी मात्र तिचा मेळ बसत नाही. तो इसम व्यवहारी होता आणि त्याचे गृहजीवन फारसे अनुकरणीय नव्हते.

दरम्यान शिवण मुलींच्या शिक्षणात आली. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने शिवणवर्गाला विशेष स्थान दिले. पुढे सोलापुरातही सेवासदनाचे काम उभे राहिले. या वर्गांकडे ‘मुलींना घरकामात गुंतवणे’ म्हणून पाहणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण विधवेच्या हाती स्वतःचा पैसा येण्याचे मार्ग त्या काळी किती होते? शिक्षिका, परिचारिका, आणि शिवण. जो टाका आजवर घरातला पैसा वाचवत होता, तो आता पैसा मिळवू लागला. सुईच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे.

सुईने राजकारणातही हजेरी लावली. गांधी टोपीच्या रचनेविषयी गांधीजी काका कालेलकरांशी बोलले होते आणि कालेलकरांनी ते लिहून ठेवले आहे. कापड थोडे लागावे, घडी घालून खिशात ठेवता यावी, सहज धुता यावी, आणि पांढरी असावी म्हणजे मळ दिसेल व लोक ती धुतील, असा तो विचार होता. शिवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती सरळ रेषांची वस्तू आहे. खादीचा हातभर तुकडा आणि संध्याकाळचा थोडा वेळ पुरे. हीच टोपी सोलापुरात धोक्याची ठरली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस माघारी गेले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत होता. त्या काळात डोक्यावरची गांधी टोपी आणि हातातला झेंडा हे दोन्ही सैनिकांच्या डोळ्यांत सलत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांची नावे शहराला ठाऊक आहेत. त्या हजारो टोप्या आणि झेंडे कोणी शिवले, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने कापडाची टंचाई आणली. १९४३ मध्ये सुती कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले, आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द मराठी घरांत कायमचा रुजला. गिरण्यांच्या शहरात गिरण्यांचे कापड रांगेत उभे राहून घ्यावे लागावे, हा उपहास सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. मिळे तो बहुधा मांजरपाट, जाडाभरडा आणि खळीचा. तो न धुता शिवला तर पहिल्याच धुण्यात आखडायचा. जुन्या धोतराचे परकर, जुन्या सदऱ्याच्या पाठीतून बाळाचे झबले, फाटक्या विजारीच्या पायातून बाजाराची पिशवी, हे सारे त्या वर्षांत पुन्हा शिकले गेले. या काटकसरीची आठवण आज कौतुकाने निघते, आणि ते स्वाभाविक आहे. पण डोळे बारीक करून कंदिलाच्या उजेडात उसवणारीला ती हौस वाटत नसावी. आनंद होता तो शेवटच्या टाक्यानंतरचा : दोरा दातांनी तोडून, कपडा झटकून मुलाच्या अंगात घालून पाहण्याचा.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सोलापूरने त्यानंतर तयार कपड्यांकडे, त्यातही शालेय गणवेशांकडे मोर्चा वळवला, आणि २०१७ मध्ये गणवेश-उद्योगाचे मोठे प्रदर्शनही शहरात भरले. शिवण आता पुन्हा शेकडो घरांत आहे, परंतु निराळ्या रूपात. बेत कारखान्यात संगणकावर होतो, थरांवर थर रचून विजेच्या कातरीने एकदम कापला जातो आणि घरी येतात ते गठ्ठे : कुणाकडे फक्त कॉलर, कुणाकडे काज-बटण. मजुरी नगावर. दिवसभर यंत्र चालवणाऱ्या बाईने पूर्ण सदरा एकदाही शिवलेला नसतो, असे सहज घडते. पैसा मिळतो, आणि तो खरा आहे. गिरणी गेलेल्या घरात तर त्याची किंमत मोठी. पण बेत ज्याच्या हाती, कपडा त्याचा, हा जुना हिशेब इथे उलटा झाला.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वज खांद्यावर घेणारे आणि त्यांच्यामागून चालणारे भाविक पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. एकावर एक येणारे दोन पदर, बांधायचे बंद, गुंडी एकही नाही. काखेत बगल, बाजूला कळी, सारे तुकडे सरळ कापडातून काढलेले. अंग जाड होवो की बारीक, बंद सैल-घट्ट केले की भागते. एरवी संग्रहालयात सापडली असती अशी ही बेतणी सोलापूरच्या रस्त्यांवर दरवर्षी चालताना दिसते. त्याच रस्त्यांवरून इतर दिवशी मुले शाळेत जातात, शहरातच शिवलेल्या गणवेशांत. कारखान्याच्या हिशेबात शिवणीच्या आतला प्रत्येक इंच खर्चात धरला जातो, म्हणून तिथे टीप कडेला लागून येते. जूनमध्ये घेतलेली चड्डी दिवाळीनंतर आखूड होते. उसवून पाहिले तर आत माया नसते.