ऑर्डरचे काम

बांधीतले धान कापून, चुरून घरात आले की सिंदेवाहीच्या पंचक्रोशीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या आगेमागेपर्यंत तो चालतो. वडशाला नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्या थाटल्या जातात, गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवून येतात, आणि ठरलेल्या रात्री मंडपात जमलेली माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. झाडीपट्टी रंगभूमीविषयी पुण्या-मुंबईच्या वाचकाने आजवर बरेच ऐकले आहे. तेव्हा त्याची उजळणी नको. आम्हांला बोलायचे आहे ते पडद्यामागच्या गोष्टींविषयी नव्हे, खुद्द पडद्याविषयी. राजवाडा, रस्ता, जंगल, देऊळ हे सारे ज्या कापडावर कुणीतरी हाताने रंगवले, त्या कापडाविषयी. आणि तो हात पुढे कुठे जातो, याविषयी.

मराठीत चित्रकाराचे चरित्र लिहिण्याचा एक ठराविक साचा आहे. आरंभी गरिबी, मग पोटासाठी पाट्या, पोस्टरे, मुखपृष्ठे. मग एके दिवशी मन विटते, नोकरी सुटते आणि ‘खरी’ कला सुरू होते. आधीचे सारे म्हणजे वनवास, नंतरचा राज्याभिषेक. हा साचा अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांची चरित्रे त्यात घातली जातात त्यांचीच कामे जरा बारकाईने पाहिली, तर प्रश्न निराळाच उभा राहतो. ऑर्डरचे काम करणारे शेकडो होते. त्यांतल्या मोजक्यांनाच स्वतःचे चित्र काढण्यापर्यंत पोहोचता आले, ते कशाच्या बळावर?

पडद्यापासूनच आरंभ करू. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मिस्त्री (१८९०–१९५४) आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे नामांकित कारागीर होते. पडदा रंगवणे हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. कापडाचे पट्टे शिवून मोठा पट करायचा, त्याला सरस आणि खडूचा लेप द्यायचा, भुकटीचे रंग सरसात कालवून ते वाळण्याच्या आत पसरायचे. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणजे रंगवताना डोळ्यांपुढे जे असते ते अंतिम नसते, अंतिम रंग मनात धरून चालावे लागते. शिवाय चित्र पाहायचे असते दुरून, दिव्याच्या उजेडात, आणि समोर जिवंत नट उभा असताना. महालाचे खांब इतके खोल जायला हवेत की प्रेक्षकाला दालन वाटावे. पण इतके ठसठशीत नकोत की नट त्यांत हरवून जावा.

हे सारे गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकता आले. बाबूरावांचे चित्रपट पाहणाऱ्यांनी त्यांच्या नेपथ्याची आणि छायाप्रकाशाची वाखाणणी केली, तिचे मूळ या पडद्यांत आहे असे आम्हांला वाटते. १९१६ मध्ये आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. चित्रपटांची पोस्टरेही ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर आज भारतीय चित्रपटांच्या जुन्यांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत गणले जाते. कंपनीचा भर ओसरल्यावरही त्यांची चित्रकला आणि शिल्पकला सुटली नाही. आणि गंमत अशी, की हा माणूस मिस्त्री या आडनावाने नव्हे, ‘पेंटर’ या नावाने इतिहासात राहिला. धंद्याचे नावच आडनाव झाले. ज्या शब्दाला आपण आज बोर्डवाल्याच्या दुकानावर पाहून पुढे जातो, तो शब्द एका काळी सहीच्या जागी बसू शकत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

धंद्याची चित्रकला आणि निखळ चित्रकला अशी वाटणी पुढे शाळेनेच करून दिली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची संस्था निराळी झाली. एकाच आवारातल्या दोन इमारती. पण तेवढ्याने दोन जाती तयार झाल्या. ‘इलस्ट्रेशन वाटते’ हा शेरा चित्राला दूषण म्हणून देण्याची पद्धत आजही आहे. ती कानावर आली की आम्हांला दीनानाथ दलाल आठवतात.

दलाल (१९१६–१९७१) मूळचे गोव्याचे, शिक्षण जे. जे.चे. मासिकांची सजावट, कथाचित्रे, पुस्तकांची मुखपृष्ठे यांचा त्यांनी जो डोंगर उपसला त्याची गणती करू नये. त्या काळी चित्र छापायचे तर धातूचा ब्लॉक करावा लागे. हाफटोन ब्लॉक महाग, लाइन ब्लॉक स्वस्त. संपादकाचा कल अर्थातच स्वस्ताकडे. म्हणजे छटा नाहीत, राखाडी रंग नाही, केवळ काळे आणि पांढरे. या अडचणीतून दलालांची ती जाड-बारीक होत जाणारी, एका दमात ओढल्यासारखी ब्रशची रेषा घडली असावी, असा आमचा तर्क आहे. रेषेनेच अंगाची गोलाई दाखवायची, रेषेनेच वस्त्राचा झोत. हे बंधन नसते तर कदाचित ते एक बरे जलरंगकार झाले असते. दलाल झाले नसते.

पण त्यांच्या कारकिर्दीतला खरा कळीचा क्षण आमच्या मते १९४५ चा आहे. त्या वर्षी त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. इतकी वर्षे संपादक सांगत होता आणि दलाल काढत होते. आता संपादकही तेच, गिऱ्हाईकही तेच. रंगीत पृष्ठावर काय यावे हे ठरवण्याचा अधिकार चित्रकाराच्या हाती आला. व्यवसाय सोडून स्वतःच्या कलेकडे जाण्याऐवजी त्यांनी व्यवसायच विकत घेतला, असे म्हटले तरी चालेल. आणि या कामावर त्यांची सही असे. ती सही दिवाळी अंकाबरोबर वाचनालयांतून, शिक्षकांच्या घरांतून हिंडली. प्रदर्शनाचा उंबरठा जन्मात न ओलांडलेली माणसे ‘हे दलालांचे’ असे ओळखू लागली. रघुवीर मुळगावकरांचेही (१९१८–१९७६) तेच. त्यांच्या देवादिकांची कॅलेंडरे आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे यांनी जे मराठी प्रेक्षागृह भरले, तेवढे कोणत्याही दालनाने भरलेले नाही.

याला उलटी उदाहरणे आहेत, ती लपवणे बरोबर नव्हे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली, मुलांच्या खोल्यांचे फर्निचर आणि खेळणी यांची डिझाइने केली. त्या कामाने त्यांना नाव दिले नाही. नाव मिळाले ते १९४७ च्या सुमारास, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाने आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुपने. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी तर विणकर सेवा केंद्रात दोन दशके नोकरी केली, आणि घड्याळ, पान, शिंपला अशा वस्तूंची आपली निःशब्द चित्रे त्या नोकरीच्या बाजूला उभी केली. दोघांच्या बाबतीत सही कामावर नव्हती. पण ते ज्या शहरात होते तिथे दुसरीकडे सही करायला जागा होती.

या विषयावर स्वतःच हिशोब मांडून ठेवणारा चित्रकार म्हणजे रवी परांजपे (१९३५–२०२२). बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात आला, काही वर्षे नैरोबीला जाऊन काम करून परतला, आणि पुढे इमारतींची बोधचित्रे काढण्यात त्याने मोठे नाव मिळवले. हे काम कोणते, हे तरुण वाचकाला सांगायला हवे, कारण संगणकाने ते पार गिळले आहे. वास्तुविशारदाकडून नकाशे येत. इमारत अद्याप जमिनीवर नसे. चित्रकाराने ती उभी करून दाखवायची: यथादर्शनाच्या काटेकोर गणितात, काच, दगड, सावली यांसकट, पुढे झाडे, माणसे, मोटारी घालून. नसलेल्या गोष्टीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसवायचा. त्यातून स्थळाची मांडणी, पानांच्या झुपक्यांची लय आणि रंगाचा संयम यांचा जो सराव झाला तो परांजप्यांच्या नंतरच्या, स्वतःसाठी केलेल्या चित्रांत स्पष्ट दिसतो. त्यांतली निसर्गदृश्ये आणि स्त्रिया अलंकारिक आहेत, पण त्या अलंकरणाखाली एक पक्का सांगाडा असतो.

आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘ब्रश मायलेज’ असे नाव दिले. ब्रश किती मैल चालला याचा हिशोब. यात वनवासाचा सूर नाही. ऑर्डरीसाठी चाललेले मैल आणि स्वतःसाठी चाललेले मैल एकाच खात्यात जमा आहेत. आधुनिक चित्रकलेवर त्यांनी पुढे जी जाहीर टीका केली ती आम्हांला सर्वस्वी मान्य नाही. बरव्यांची चित्रे ज्या दृष्टीला दिसत नाहीत ती अपुरीच म्हणावी लागेल. तथापि कारागिरीला हीन लेखणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर खोडून काढणे सोपे नाही, कारण ते त्यांच्या हाताने दिलेले आहे.

आता पुन्हा सिंदेवाहीला येऊ. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता, मुंबईचे जे. जे. इथल्या मुलाला केवळ अंतरानेच दूर नव्हते. चित्र काढता येणाऱ्या पोरासाठी इथे वाटा दोन. एक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देत ड्रॉइंग मास्तर होणे. दुसरी, ‘पेंटर’ होणे: दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीतली चिन्हे, गाड्यांच्या नंबरप्लेटी, आणि हंगामात नाटकाचे पडदे. मायलेज म्हणाल तर याचा ब्रश कुणाहून कमी चाललेला नाही. पण ना त्या भिंतीवर कुणी त्याच्या सहीची वाट पाहतो, ना पडद्यावर. नाटक लिहिणाऱ्याला आणि करणाऱ्याला झाडीपट्टीने नाव दिले आहे. याच तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या जाहिरातीवर कलावंतांची नावे आणि फोटो दाटीवाटीने असतात. पडदा कुणी रंगवला, हे त्या गर्दीत आमच्या दृष्टीस पडलेले नाही.

आणि मग फ्लेक्स आला. पाटी रंगवायला दोन दिवस लागत, ती दोन तासांत छापून मिळू लागली. दलालांच्या पिढीचा ब्लॉक गेला तेव्हा त्यांच्या चित्रांची छपाई बदलली, चित्रकार टिकला. इथे चित्रकारच वगळला गेला. परांजप्यांच्या क्षेत्रातही संगणक आलाच. पण तोवर त्यांच्यापाशी नाव होते, पुण्यात घर होते, चित्र विकत घेणारी माणसे होती. स्वतःच्या चित्राकडे वळायला जो अवकाश लागतो तो ऑर्डरीच्या वर्षांतच साठवावा लागतो, आणि साठवायचा तर कामावर नाव लागते. सिंदेवाहीच्या पेंटरच्या हातात हंगाम संपताना पैसे उरतात ते पुढच्या हंगामापर्यंत पुरतील एवढे; नाव उरत नाही.

सिंदेवाहीहून जाणारी गाडी चांदा फोर्टावरून बल्लारशाहला पोहोचते. त्या स्थानकाच्या भिंतींवर ताडोबाचे वाघ, पक्षी आणि जंगल रंगवलेले आहे. २०१८ मध्ये रेल्वेच्या स्थानक-सुशोभनाच्या स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या जोडीला देशात पहिला क्रमांक मिळाला. ज्या मधुबनीच्या नावाने चित्रशैली जगभर ओळखली जाते तिथले स्थानक दुसरे आले. बातम्या स्थानकांच्या झाल्या. ऑर्डरचे काम एवढ्या उंचीवर पोहोचूनही ते करणाऱ्यांची नावे आमच्यातल्या कुणालाच चटकन सांगता येईनात, तेव्हा हा लेख लिहावासा वाटला.

एक गोष्ट मात्र अजून हाती आहे. ज्या मंडळांकडे, कंपन्यांकडे हाताने रंगवलेले जुने पडदे बांबूला गुंडाळून ठेवलेले असतील त्यांनी ते एकदा उन्हात उलगडावेत, फोटो काढून ठेवावेत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून रंगवणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला लिहून ठेवावे. हे पावसाळ्याआधी झालेले बरे. सरसाच्या रंगाला ओल धरली की कसर आधी तिथेच लागते.